छोट्या गाडीचे धक्के आणि १७ सेंटिमीटरचा गतिरोधक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र होतं. छोटी गाडी घेतली आणि कंबर गेली, असा त्याचा एकंदर सूर. घ्यायची तर मोठीच गाडी घ्या, नाहीतर सरळ एसटीने जा, असा सल्ला त्यांनी शेवटी सगळ्यांना देऊन टाकला आहे. एसटीबद्दल माझी तक्रार नाही. नोकरीची कितीतरी वर्षं मी मागच्या बाकावर उडत उडतच शाळेत पोचले. पण मोठ्या गाडीचा हा सल्ला मला गेल्या दोन वर्षांत तिघांनी दिलाय, आणि तिघांपैकी एकानेही माझ्या गाडीखाली वाकून बघितलं नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त आकडे कापू नका.

माझ्याकडे २०१४ सालची ऑल्टो ८०० आहे, २०१८ मध्ये सेकंड हँड घेतलेली. गाडी चालवायला मी ५७ व्या वर्षी शिकले. घरात दोनच माणसं, मी आणि माझ्या ८४ वर्षांच्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीत घसरल्या आणि पाठीचा एक मणका दबला. ऑपरेशन नको, पट्टा आणि व्यायाम, असं ठरलं. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी मंगळवारी आम्ही वाईहून साताऱ्याला जातो. पाचवडपर्यंत आतला रस्ता, तिथून हायवे, आनेवाडीचा टोलनाका, मग सातारा. सगळं मिळून ३५ किलोमीटर. हायवेचं फारसं काही नाही, दुखणं पाचवडच्या अलीकडे आहे.

पहिल्या खेपेला सासूबाई जाताना १९ वेळा "आई गं" म्हणाल्या. मी मोजलं. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला मोजल्याशिवाय राहवत नाही. तेव्हापासून हेच माझं माप झालं. शास्त्रीय नाही, कबूल. कधी त्या मला बरं वाटावं म्हणून एखादं गिळतात. पण दुसरं माप माझ्याकडे नव्हतं.

छोटी गाडी आदळते का, हा प्रश्न मी आधी वहीत सोडवला. माझी गाडी रिकामी साधारण ७०० किलोची. तीत ६० किलोची चार माणसं बसली की २४० किलो वाढले, म्हणजे गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त. १,७०० किलोच्या मोठ्या गाडीत तीच चार माणसं बसली तर भर पडते जेमतेम सातव्या हिश्श्याची. छोट्या गाडीच्या स्प्रिंगला चार माणसं आणि सामान घेऊनही टेकायचं नसतं, म्हणून ती मुळातच कडक ठेवावी लागते. मग आत दोन बायका बसल्या की तिला आमचं वजन जाणवतच नाही. त्यात चाक १२ इंची. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून ओलांडून जातं, त्यात हे उतरून वर येतं. आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अवघं २ मीटर ३६ सेंटिमीटर, त्यामुळे गाडी होकार दिल्यासारखी पुढे-मागे डुलते. एवढं त्या वाचकांचं बरोबर आहे.

एकदा डिकीत हळदीचं ५० किलोचं पोतं टाकून सातारला नेलं होतं, नणंदेकडे द्यायला. त्या दिवशी सासूबाईंना चक्क डुलकी लागली. पण म्हणून काही मी कायम पोतं घेऊन फिरत नाही. पेट्रोल कोण भरणार? पण स्प्रिंग कडक असते म्हणजे काय, ते मला वहीपेक्षा त्या पोत्याने जास्त नीट समजावलं.

आता हवा. आपल्याकडे हवा मारणारा विचारतो, "किती मारू? पस्तीस?" आणि आपण आरशात बघत म्हणतो, "मारा." माझं चार वर्षं हेच चाललं होतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक चिकटपट्टी दिसते. तिच्यावर कंपनीने पुढच्या-मागच्या टायरचा आकडा छापलेला असतो. ती पट्टी मी गाडी घेतल्यावर तब्बल चार वर्षांनी वाचली. मग खिशात मावेल असं हवा मोजायचं मीटर आणलं आणि सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, घरच्या अंगणात मोजलं. चारही टायरमध्ये पट्टीवरच्या आकड्यापेक्षा सात ते नऊ पौंड जास्त! हलक्या गाडीत एवढी हवा म्हणजे रबरी दगडांवर बसून प्रवास. टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग, आणि तीच आपण ठोकून कडक करतो. दोष एकट्या हवेवाल्याचा नाही. पंपावरचं मीटर दिवसभर आपटून आपटून काय दाखवतं ते त्यालाही ठाऊक नसतं, आणि जास्त मारली म्हणून आजवर कोणी त्याच्याशी भांडलं नसेल.

हवा नेहमी थंड टायरला मोजायची. दहा-वीस किलोमीटर चालून आल्यावर आकडा आपोआप चढतो. तो बघून हवा सोडली तर उद्या सकाळी टायर कमी भरतो. आणि माझ्या पुतण्यासारखं "काकू, बावीस ठेव, मऊ चालेल" हेही ऐकू नका. कमी हवेने टायरची बाजू सारखी मुडपते, तापते, आणि हायवेवर फुटते. पट्टीवर जो आकडा आहे तोच. नायट्रोजनबद्दल विचाराल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याने धक्के कमी झालेले मला तरी जाणवले नाहीत. हवा नीट केल्यावर "आई गं" १४ वर आलं. खर्च फक्त मीटरचा.

टायरचंही एक सांगते. माझे टायर दिसायला छान होते, नक्षी खोल, कारण गाडी चालतेच किती? पण बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, ते होते ३२१५. म्हणजे २०१५ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेले. मी हे वाचलं २०२३ मध्ये. आठ वर्षांचं रबर उन्हात उभं राहून इतकं कडक झालं होतं की नख रुतेना. नवे घेताना दुकानदार म्हणाला, "मॅडम, अलॉय टाका, १३ इंची, गाडीला लूक येईल." त्याने दाखवलेल्या टायरवर १५५/६५ लिहिलेलं, माझ्या जुन्यांवर १४५/८०. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा पहिल्याचे शेकडा किती ते सांगतो, म्हणजे रिमच्या वर रबराची उंची किती ते. माझी ११६ मिलिमीटर, त्याच्या देखण्या टायरची १०१. धक्का खाणारं दीड सेंटिमीटर रबर काढून मी तिथे चकाकणारी धातू बसवणार, वर पैसेही मीच देणार. मी १४५/८० च घेतले. त्याला माझी कीव आली असावी.

आता माझा मूर्खपणा. हायवेलगतच्या एका दुकानात स्प्रिंगमध्ये बसवायचे रबरी बफर मिळतात. "गाडी एक इंच उचलते, शॉकअप वाचतात, आराम मिळतो," असं सांगून मला १,८०० रुपयांना चार बफर बसवले. (शॉकअप म्हणजे स्प्रिंगची उडी आवरणारे तेलाचे दांडे.) येताना "आई गं" २१ वेळा, आणि एकदा माझ्याही तोंडून. घरी आल्यावर डोकं ताळ्यावर आलं. बॉलपेनमधली स्प्रिंग काढा, तिचे दोन-तीन वेटोळे चिमटीत घट्ट धरा आणि उरलेले दाबून बघा. वेटोळे जितके कमी, तितकी स्प्रिंग कडक. बफर म्हणजे ती चिमूट. सदानकदा पाच माणसं आणि वर सामान नेणाऱ्याला त्याचा उपयोग होत असेल; आम्हा दोघींना तर नव्हताच. दुसऱ्या दिवशी काढले. ते चार बफर सध्या पाण्याच्या टाकीच्या स्टँडखाली आहेत, तिथे उत्तम काम करतात.

खरं दुखणं गाडीच्या पोटाखाली होतं. आमच्या आळीच्या टोकाला एक मिस्त्री आहेत. त्यांनी बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली. "बाई, शॉकअप चांगलं असतं तर एकदा वर येऊन गप बसली असती." मग पुढचं चाक जॅकवर उचललं, मला बॅटरी धरायला लावलं आणि लोअर आर्मच्या, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशात (सांध्यातल्या रबरात) टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून हलवला. रबर फाटून लोखंडावर लोखंड वाजत होतं. स्ट्रटच्या (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीच्या) वरची माउंटिंगं, म्हणजे रबरी बैठका, दबून गेलेली, एका शॉकअपवरून तेलाचा ओघळ, त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. मागच्या आडव्या रॉडचे बुश तर मिस्त्रींनी नुसते बोटाने फिरवून दाखवले.

मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लोअर आर्मचे बुश सहाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलले होते, पावती माझ्याकडे होती. मिस्त्री हसले. "नट हवेत आवळलेत." त्यांनी समजावलं ते असं: बुशातलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, आर्म वरखाली होताना ते पिळलं जातं आणि परत सरळ होतं. चाक लोंबकळत असताना नट आवळला तर रबर त्या लोंबत्या जागेवर पक्कं होतं. गाडी खाली उतरवली की ते उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलंच. म्हणून सगळे नट आधी नुसते धरायचे, गाडी चाकांवर टेकवायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग शेवटचं आवळायचं. पहिल्या गॅरेजवाल्याने अर्धा तास वाचवला आणि माझे बुश अर्ध्या वर्षात फाटले. आपली गाडी कामाला असेल तर तिथे उभं राहून एवढं एक बघा. कोणाला आवडत नाही, पण बघा.

पुढचे दोन्ही शॉकअप, माउंटिंगं, लोअर आर्मचे बुश, मागच्या रॉडचे बुश, मजुरी आणि शेवटी अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) मिळून नऊ हजारांच्या आत काम झालं. मोठ्या गाडीच्या दोन हप्त्यांनाही पुरणार नाहीत एवढे पैसे. त्या मंगळवारी "आई गं" आठ. गाडी नवी होती तेव्हा अशीच चालत असणार. मी ती चार वर्षांची झाल्यावर घेतली, तेव्हा तिचं मूळचं चालणं मला कधी कळलंच नव्हतं. ज्या वाचकांनी पत्र लिहिलंय त्यांची गाडी किती वर्षांची आहे, हे मला फार विचारावंसं वाटतं.

खडखडाट हा धक्का नसतो, पण म्हाताऱ्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. डिकीतला जॅक जुन्या साडीत गुंडाळून बांधला, दारातल्या पाण्याच्या बाटल्या काढल्या, मागच्या सीटचं कुलूप सैल होतं तिथे चिंधी लावली. यातलं कशानेही गाडी मऊ झाली नाही, तरी सासूबाई म्हणाल्या, "आज गाडी शहाण्यासारखी चालली."

बसायच्या जागेचं मात्र मला उशिरा सुचलं. आपण आजारी माणसाला आदराने मागे बसवतो, पाय पसरता येतात म्हणून. छोट्या गाडीत मागची सीट जवळपास मागच्या चाकांच्या डोक्यावर असते, सगळ्यात मोठी उडी तिथेच. पुढची सीट दोन्ही चाकांच्या जोड्यांमध्ये येते, तिथे गाडी कमी डुलते. आता त्या पुढे बसतात, पाठ थोडी मागे रेललेली, सीटचा पट्टा लावून. फोमची एक जाड गादी ऑनलाइन मागवली होती. त्यावर बसून त्यांचं डोकं छताला लागायचं आणि पाय अधांतरी. ती परत केली. त्याऐवजी त्यांनी स्वतःच शिवलेली गोधडी दोन घड्या करून सीटवर, आणि कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल. गोधडीत त्यांच्या तीन नऊवाऱ्या आहेत; त्यातली कुठली कधी नेसल्या होत्या ते पाचवडपर्यंत सांगून होतं.

चालवण्याबद्दल शेजारच्यांनी शिकवलं. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. एकदा बरोबर आले आणि पहिल्याच गतिरोधकावर म्हणाले, "बाई, तुम्ही ब्रेक दाबून चढताय. आधी दाबा, चढताना सोडा." ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, पुढच्या स्प्रिंग तिथेच निम्म्या दबतात. मग वर धक्का आला की खायला जागाच उरत नाही. वेग अलीकडेच मारायचा, चाक टेकायच्या क्षणी पाय उचललेला हवा. मला हे जमायला तीन मंगळवार लागले. तिरकं चढवून बघितलं होतं, एकेक चाक. पोट घासलं नाही, पण गाडी डावी-उजवीकडे अशी हेलकावली की सासूबाई म्हणाल्या, "डोलीत बसवलंस काय गं?"

इतकं सगळं करून आकडा पाचवर थांबला. गेले सात महिने पाचच. कधी चार, कधी सहा, पण फिरून पाच. आणि ती पाचही ठिकाणं मला पाठ आहेत, कारण ते पाच गतिरोधक आहेत.

त्यातला एक, एका गावाच्या वेशीवरचा, मी मोजला. रविवारी सकाळी, गवंड्याकडून सरळ पट्टी आणि सपाटी बघायची पाणसळ मागून आणली, माझा एक जुना विद्यार्थी दुसरं टोक धरायला. माथ्यावर पट्टी टेकवून सपाट केली आणि कडेला टेप सोडला. उंची १७ सेंटिमीटर. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ९० सेंटिमीटर. माझ्या गाडीचं पोट कंपनीच्या हिशोबाने जमिनीपासून १६ सेंटिमीटर वर. दोन माणसं बसली की त्याहून कमी.

गतिरोधक कसा असावा याचं माप इंडियन रोड्स काँग्रेसने, म्हणजे देशातल्या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने, १९८८ मध्येच ठरवून दिलंय. गोलाकार उंचवटा, उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा असा. हे ३.७ मीटर उगाच नाहीत. माझ्या गाडीच्या चाकांतलं अंतर २.३६ मीटर, म्हणजे नियमातल्या गतिरोधकावर माझी गाडी चारही चाकांनी मावते. ती टेकडीवर चढल्यासारखी चढते आणि उतरते. वेशीवरचा ९० सेंटिमीटरवाला पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये येऊन सरळ पोटाला भिडतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, दहावीची भूमिती आठवायला लावली. वर्तुळात दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा त्यांच्या भागांचे गुणाकार सारखे. नियमातल्या मापात अर्धी रुंदी १.८५ मीटर, तिचा वर्ग ३.४२२५, भागिले उंची ०.१, त्यात ती उंची मिळवली आणि निम्मं केलं: त्रिज्या १७ मीटर आणि थोडी वर. वेशीवरच्या गतिरोधकाची अर्धी रुंदी ४५ सेंटिमीटर, वर्ग २,०२५, भागिले १७, अधिक १७, निम्मं: ६८ सेंटिमीटर. त्याने दोनदा करून बघितलं. शाळेत कधी पडताळा घ्यायचा नाही. तर जिथे १७ मीटर त्रिज्येची कमान हवी तिथे ६८ सेंटिमीटरचं अर्धं पिंप पालथं घातलंय, आणि माझं चाक २७ सेंटिमीटर त्रिज्येचं आहे. यावर कुठलं शॉकअप काय करणार?

तिथे गतिरोधक नको असं मी म्हणत नाही. बाजूला शाळा आहे, मधल्या सुट्टीत पोरं रस्ता ओलांडतात, आणि मी शिक्षिका आहे. हवाच आहे. पण ३.७ मीटरचा, पांढरे पट्टे मारलेला, अलीकडे पाटी असलेला. गंमत म्हणजे त्या अर्ध्या पिंपावरून मोठ्या गाड्या वेग फारसा कमी न करता निघून जातात. थांबते ती माझी ऑल्टो, रिक्षा, आणि दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल.

रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात मी अर्ज घेऊन गेले. तिथल्या गृहस्थांनी वाचला, आकृती उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, या वयात मोठी गाडी का नाही घेत?" वर म्हटलेल्या तिघांतले हे तिसरे.

अर्जाची पोच माझ्याकडे आहे. उरलेल्या चार गतिरोधकांपैकी दोन पुढच्या रविवारी मोजणार आहे, पट्टी आणि पाणसळ अजून परत केलेली नाही. आकृत्या आपल्याला छापायच्या असतील तर पाठवते. मापं मिलिमीटरमध्ये आहेत, फक्त कागद आलेखवहीचा आहे, तेवढं चालवून घ्या.

कळावे,
आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका, वाई